शेवटी सगळे जेवायला बसतात

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ७.१०
नवी वही. ऑफिसची मागच्या दिवाळीची भेट, पण कोरी आहे. संकल्प: एकतीस दिवसांत एकतीस भयपट. सलिलचा आणि माझा पॉडकास्ट, 'खुर्ची नंबर तेरा', ऐकणारे दोनशे अकरा. हॅलोविनपर्यंत दर रविवारी शिफारशी द्यायच्या. जुने सिनेमे सलिलकडे, नवे माझ्याकडे. सलिलने विचारलं, तुला झेपेल ना? मी हसलो. भीती हा प्रकारच माझ्यात नाही.

२ ऑक्टोबर, दसरा. दुपार
पहिला लावला. अकराव्या मिनिटाला बंद केला. सणासुदीला घरात असलं काही लावू नये, एवढंच कारण. दर्शनाने विचारलं, उशी कवटाळून का बसलायस? मानेला आधार लागतो, म्हटलं. बायकोला सगळंच कशाला समजावत बसायचं.

३ ऑक्टोबर
आवाज बंद करून बघितला. नऊ मिनिटं. मायग्रेन. आधी कधी नव्हतं, पण चाळिशी आली.

४ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३
बी विंगमध्ये वासंतीआत्याकडे गेलेलो. तिचा सिलिंडर लावून द्यायचा होता. वय बहात्तर, काका गेल्यापासून एकटीच. टीव्ही माझ्याच अकाउंटवर चालतो. बघतो तर काय, बाई पावटे सोलत सोलत तो इंडोनेशियन शिलाई मशीनवाला बघतेय! माझा नऊ मिनिटांवर अडकलेला! मी पाठ वळवून सिलिंडरच्या वॉशरकडे बघत राहिलो. आत्या म्हणाली, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी केली, भुतं मला काय घाबरवणार? संपल्यावर वीस मिनिटांत मला अख्खी गोष्ट सांगितली. मेलेली आजी, तिचं मशीन आपोआप चालतं, नातवाला हाका मारतं. शेवटी? शेवटी आजीला मुक्ती मिळते आणि सगळे जेवायला बसतात.
सांगते छान. लक्षात ठेवायला हवं.

५ ऑक्टोबर, रविवार
कळव्याला सलिलच्या घरी रेकॉर्डिंग. शिलाई मशीन सांगितला. सलिलच्या अंगावर काटा आला. यात खोटं काही नाही. डॉक्टरसुद्धा रिपोर्ट वाचूनच सांगतात, स्वतः रक्त थोडंच चाखून बघतात?
नवा संकल्प: शनिवार-रविवार वही घेऊन आत्याकडे. तेवढीच तिलाही सोबत. (हे कारण दर्शनालाही पटलं. म्हणाली, सुधारलास रे.)

१२ ऑक्टोबर, रविवार
आजवर पाच सिनेमे. थाई लिफ्टवाला: शेवटी सगळे जेवायला बसतात. पोलंडचं शेतघर: जेवायला बसतात. मेक्सिकोच्या जुळ्या बहिणी: मक्याच्या भाकरी करतात आणि जेवायला बसतात.
योगायोग नाही हा! देश वेगळे, दिग्दर्शक वेगळे, शेवटी पंगत. हे अजून कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? रेकॉर्डिंगमध्ये मांडून टाकलं: भोजन-सिद्धांत. जागतिक भयपट माणसाला पुन्हा ताटावर आणून बसवतो. सलिलने हेडफोन काढून ठेवला. भारावला असणार.
मग त्याने विचारलं, तुमच्याकडे मोठी माणसं बघतात का असलं? मी म्हटलं, छे, आमच्या म्हाताऱ्या आत्याला मालिकेतल्या सासूचीसुद्धा भीती वाटते. खूप हसलो दोघं. एडिटमध्ये काढायला सांगणार होतो. राहिलं.

१५ ऑक्टोबर
ऐकणारे तीनशे चाळीस. विठ्ठलवाडीच्या कुणा रघुची कॉमेंट: लिफ्टवाल्यात जेवण नेमकं कुठे आहे? मला दिसलं नाही. उत्तर दिलं: मित्रा, पुन्हा बघ. सूक्ष्म आहे.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी
आत्याने सगळ्यांना सकाळी फराळाला बोलावलेलं. दर्शना आणि लेक सान्वी गेल्या. मी कळवलं, बिझी आहे. चारला वही घेऊन गेलो, दोन सिनेमे उतरवून घेतले. अनारसे खास माझ्यासाठी केलेले. एक उभ्याउभ्याच खाल्ला. बस ना जरा, म्हणत होती. एडिटिंग होतं. दारापर्यंत आली, तिसऱ्याचीही गोष्ट सांगते म्हणाली. उद्या, म्हटलं. उद्या लक्ष्मीपूजन, त्यामुळे काही जमणार नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार
सोसायटीचे सेक्रेटरी मारुती शेलार स्वतः घरी आले. एकतीसला संध्याकाळी पाचला क्लबहाउसमध्ये मुलांचं हॅलोविन. सिनेमा कुठला लावू? मी तात्काळ: शिलाई मशीनवाला. घाबरवतो, पण शेवट गोड. शेलारांनी मोबाइलवर बघून सांगितलं, सोळा प्लस लिहिलंय. मी म्हटलं, परदेशी लोक उगाच घाबरट असतात. पोस्टरवर माझं नाव येणार: प्रमुख पाहुणे, चित्रपट-अभ्यासक संदेश.
दर्शनाने विचारलं, तू बघितलायस ना पूर्ण? शंभर टक्के, म्हटलं.

२९ ऑक्टोबर
एकदा बघून टाकावा म्हणून लावला. चार मिनिटं. वायफाय स्लो वाटलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी ४.३०
वागळे इस्टेटच्या ऑफिसमधून हाफ डे घेऊन आलोय. नवा कुर्ता. बेचाळीस मुलं, सलिलही येतोय. मी पडद्याकडे पाठ करून उभा राहणार. प्रेक्षकांचे चेहरे वाचायचे असतात.

३१ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.१५
आज काही लिहिणार नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार
लिहितो. कुणी वाचणार नाहीये.
कापसाच्या दाढ्या, पुठ्ठ्याचे सांगाडे, सान्वी चेटकीण झालेली. तासभर मुलं खिदळत होती. मग गप्प झाली. मग दोन-तीन रडायला लागली. शेलार माझ्याकडे बघायला लागले. मी माइक घेतला. बच्चेकंपनी, घाबरू नका, आता सगळे जेवायला बसणार!
बेचाळीस किंकाळ्या. मी मागे वळलो. वळायला नको होतं. आजी नातवाची सावली भिंतीला शिवत होती. सुई वर-खाली, मूल हात हलवतंय आणि सावली हलत नाहीये. आणि तिथेच संपला. जेवण नाही. ताट नाही. पाणीसुद्धा नाही.
पुढे मी केकच्या टेबलाखाली होतो. कसा गेलो आठवत नाही. सान्वी वाकून म्हणाली, बाबा, मशीन बंद झालं, बाहेर ये.
बाहेर आलो तर पालकांनी घेरलं. लहान मुलांना हे दाखवता? लाज वाटत नाही? आणि मी म्हणालो. काय म्हणालो तेही लिहितो. म्हणालो, माझी चूक नाही, मला आमच्या आत्याने चुकीचं सांगितलं, बहात्तर वर्षांची आहे, तिच्या काही लक्षात राहत नाही.
हातातला माइक चालू होता.
आत्या तिसऱ्या रांगेत होती. मुलांसाठी रव्याचे लाडू घेऊन आलेली. ती उठली. मला वाटलं, आता माझी शोभा करणार. केली असती तर बरं झालं असतं. तिने मुलांना भोवती बसवलं, प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवला आणि म्हणाली, हा शेवट अर्धाच दाखवतात, पुढचा मला माहीत आहे. मग मुलगा सुई काढून घेतो, आजीला म्हणतो, भूक लागलीय, आणि सगळे जेवायला बसतात. मुलं शांत झाली. एकाने विचारलं, जेवायला काय असतं? वरण-भात, म्हणाली.
सलिलने एवढंच विचारलं, एकही नाही बघितलास? मी कुर्त्यावरचा केक पुसायला लागलो. तो स्टेशनकडे गेला.

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळ
सलिलचा मेसेज. वाटलं, माफ केलं. उघडला. आत्यांचा नंबर देशील का?
दिला.

२ नोव्हेंबर. संध्याकाळी ६
चारला आत्याकडे गेलो. वही नेली नाही. चुकलो, म्हणालो. तिने चहा टाकला. मी विचारलं, शेवट का बदललेस?
म्हणाली, सात वर्षांचा होतास, गावी मी तुला पिंपळावरच्या बाईची गोष्ट सांगितली, तू आठ दिवस अंथरूण ओलं केलंस. वहिनी माझ्याशी महिनाभर बोलली नाही. तेव्हापासून तुला कुठलीही गोष्ट सांगितली की शेवटी सगळ्यांना जेवायलाच बसवते. तू ते सगळीकडे सांगत सुटशील हे मला काय ठाऊक?
मी म्हटलं, अगं, मी वहीत उतरवून घेत होतो ना!
हो, दिसत होतं, म्हणाली. मला वाटलं, माझ्याजवळ बसायला तुला काहीतरी निमित्त लागतं. म्हटलं, असू दे.
चार आठवडे. घड्याळ बघत, उभ्याउभ्या अनारसा खात. मला माझीच किळस आली. दोन दिवस बेचाळीस मुलांच्या पालकांपुढचीच लाज छळत होती, ही तिच्यापेक्षा कितीतरी वाईट.
सलिलचा फोन आलेला, पुढच्या रविवारी रेकॉर्डिंगला बोलवतोय, आत्या म्हणाली. जाऊ का? जा, म्हटलं. मी सोडायला येईन. खरंच येईन.
मग तिने राहिलेली ती दिवाळीतली तिसरी गोष्ट सांगितली. नॉर्वेचा दीपस्तंभ. दोन बोटं कानात घालावीत असं मध्ये तीनदा वाटलं. घातली नाहीत. एकदा घातली. शेवटी विचारलं, खरं सांग, मुलगी वाचते?
आत्याने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, वाचते की. किनाऱ्यावर सगळे जेवायला बसतात.
मी जेवूनच आलो.