टाकीचे पॅनल कोणाच्या हाती

मी, भुजंग लिंबाजी वाव्हळे, वय एकसष्ट, राहणार परभणी, तंत्रनिकेतनाचा निवृत्त प्रयोगशाळा सहायक, डोके ठिकाणावर असताना व कोणाचे दडपण नसताना हे लिहून ठेवतो. डोक्याबद्दल पत्नी कस्तुराबाईचे मत वेगळे आहे. ते नोंदवून पुढे जातो.

१. दोन खोल्यांचे घर व बँकेतली शिल्लक कस्तुराबाईची. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. पेचकस, पकड व मल्टिमीटर मुलगा पंडित यास. त्याने पकडीने खिळे ठोकू नयेत.

३. टाकीचे पॅनल मी माझ्या भंगारातून केले: टाकी म्हणून पिंप, तरंगता गोळा आणि रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा खटका. टाकी भरली की रिलेची पट्टी खाली ओढली जाते व मोटर आपोआप बंद होते. तंत्रनिकेतनातली मुले स्वयंचलित नियंत्रण हा विषय यावरच वीस वर्षे शिकली, पण लांबून. विभागप्रमुख दिनकरराव कोणाला हात लावू देत नसत. निवृत्तीच्या दिवशी मी ते बैलगाडीत घालून घरी आणले.

४. एका खंडेनवमीला दिनकररावांनी त्याची पूजा केली. तबकाला मात्र मला शिवू दिले नाही. एक अक्षत पट्टीखाली अडकली, मोटर थांबेना, आणि पाणी त्यांच्या केबिनमध्ये शिरून नव्या बुटांत भरले. चौकशीत दोष माझा ठरला. ते मला फार लागले. तो दाणा मी कुपीत ठेवला आहे. तो दिनकररावांना सन्मानपूर्वक द्यावा.

५. दिनकररावांना आता पॅनल काचेच्या कपाटात, स्वतःच्या नावाच्या पाटीखाली हवे आहे. ते मिळणार नाही. ते झरीच्या गीता खंदारेला द्यावे. ती माझी विद्यार्थिनी, आज आमच्याच तंत्रनिकेतनात हा विषय शिकवते. शिकत असताना तिने झाकण उघडले तेव्हा मी दटावले. ती म्हणाली, "सर, बटन बंद हाय. हात न्हाई लावला तर कळंल कसं?" एवढा आनंद मला बढतीचाही झाला नसता. बढती झालीच नाही, हा भाग वेगळा.

६. पॅनलला कुलूप लावू नये. मी त्यात एक बिघाड करून ठेवला आहे. कुठे, ते गीतालाही सांगितलेले नाही. मुलांनी तो शोधावा, दुरुस्त करावा व पुढच्या तुकडीसाठी नवा घालून ठेवावा. दिनकररावांनाही शोधण्याची मुभा आहे. अट एकच, हात स्वतःचा घालावा.

वरील सर्व वाचून, हसून व पुन्हा वाचून सही केली.

भुजंग लिंबाजी वाव्हळे

आमच्यादेखत सही झाली:
१. बन्सीधर रंगनाथ कदम
२. सरजाबाई खंदारे

परभणी, ५ मार्च १९९२