तीन सुपं भात

धसई,
७ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप कुंडलिकमामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. गुडघ्याचे टाके काढले का? डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच चाला, उगाच जिने चढू नका.

बुधवारी दुपारी जगनने भाताचा एक दाणा दाताखाली धरला आणि तिथून माझं सगळं फिरलं. तुम्ही फोनवर विचारलंत, "गिरणीवर माणूस घेतलास का?" आणि मी "बघतोय" म्हणून फोन ठेवला, तो त्याच्यामुळे. फोनवर मी चिडतो, आणि चिडलो की खरं तेवढंच सांगायचं राहतं. म्हणून लिहितोय. अनिल उद्या कल्याणला येतोय, त्याच्याबरोबर पत्र पाठवतो.

तिघं आले होते. मुरबाडचा ओमकार, आयटीआय केलेला. पट्टा उतरवून पुन्हा चढवून दाखवला, हात चांगला आहे. दुसरा शहापूरकडचा, त्याने आधी सुट्ट्या विचारल्या. गीताबाई पाखडता पाखडता म्हणाल्या, "आधी कामाला तर लाग रे!" तिसरा जगन, सिद्धगडाखालच्या पाड्यावरचा, पाचवीपर्यंत शिकलेला.

तुमच्या पद्धतीप्रमाणे शेवटी तीन सुपांत भात ठेवलं. आज कुठलं भरडायचं, उन्हात कुठलं टाकायचं, ते दाणा चावून सांगायचं. कट्ट वाजला तर वाळलेलं, दबला तर ओलं. ओलं भरडलं तर तांदळाची कणी होते आणि गिऱ्हाईक गावभर आपलं नाव घेतं. ओमकार तिन्ही सुपांना "चालेल" म्हणाला. शहापूरच्याने नुसतं बोटाने चाचपलं.

आता जे लिहायचं ते लिहितो. जगनच्या अर्जावरचं अक्षर वैष्णवीचं होतं. झेरॉक्सच्या दुकानातली वैष्णवी. सरांशी भांडण झालं म्हणून कॉलेज सोडलं असं मी घरी सांगितलं. भांडण झालं ते खरंच, पण ती वर्गात यायची बंद झाल्यावर माझं तिथे काही उरलंच नव्हतं. तिने ह्या पोरासाठी पानभर लिहिलं, हे माझ्या डोक्यात गेलं. जगन हातपाय धुवायला गेला तेवढ्यात मी घरच्या भाताच्या सुपात पाणी शिंपडलं आणि हाताने वरखाली केलं. आठ उन्हं खाल्लेलं भात. तो "ओलं" म्हणाला की मी म्हणणार, नापास.

त्याने वरचा दाणा चावला. मग तळातला काढून चावला. म्हणाला, "दादा, ह्ये वाळलेलंच हाय. वरनं पाणी आताच पडलंय. पसरून ठेवा, तासाभरात भरडाय घ्या."

माझी बाही कोपरापर्यंत ओली. त्याने ती पाहिली आणि गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचाच मला राग आला. "मला शिकवतोस? चल, नीघ इथून!" वर दोन शिव्या. तो खाली सांडलेले दाणे वेचून सुपात टाकून मग गेला. गीताबाई एवढंच म्हणाल्या, "विपुल, आधी बाही पीळ."

ओमकारला मी सोमवारी ये म्हणून सांगून टाकलं. शुक्रवारी तावातावाने वैष्णवीच्या दुकानात गेलो. "जगनचा अर्ज तू का लिहिलास?"

"वीस रुपये दिले म्हणून. तुझा पण लिहीन. कशासाठी पायजे?"

दुकानातली माणसं हसली. मग ती बाहेर आली आणि हळू म्हणाली, "आणि दिवाळीत विचारलंस ना, ते नाय रे विपुल. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मामा, मला वाटलेलं मी तिथेच कोसळेन. उलट कडाडून भूक लागली. स्टँडसमोर दोन प्लेट मिसळ खाल्ली. ती हसली तर का हसली, नाही हसली तर का नाही, दीड वर्ष हेच चाललं होतं. ते काम सुटलं.

काल पाड्यावर गेलो. जगनच्या आईने, तानीबाईंनी, कोरा चहा दिला. पाणी मीच मारलं हे मी त्यांच्यासमोरच जगनला सांगितलं.

"ठाव हाय. बाही वली व्हती."

"मग बोलला का नायस?"

"काम पायजे व्हतं. मालकाच्या भाच्याला खोटा पाडून काम मिळतं काय?"

तानीबाई म्हणाल्या, "रागीट हाय, पन आला तर खरा."

आज सकाळपासून जगन गिरणीवर आहे. पहिल्या पोत्याला कणी नावापुरती. ओमकारला मीच फोन करून नाही म्हणालो. त्याने मला झापलं, मी ऐकून घेतलं. जमलं, मामा!

आता तुमचं काम. ह्या गिरणीवर एकच माणूस तुम्ही न पारखता ठेवलात, भाचा म्हणून. त्याला ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा. काढलंत तरी भांडणार नाही. चार दिवस छातीवर पोतं घेऊन फिरत होतो, ते ह्या कागदावर उतरवलं.

किल्ल्या जगनकडे दिल्यात. गिरणी त्याच्या हातात नीट चालू आहे, आवाजावरून कळतंय, मधे डोकावायची गरज नाही. आता ह्या मागच्या खोलीतून उठतो, घरी जायला बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुम्ही काढलंत तरी तुमचाच,
विपुल