आटवलेलं पाणी

आई, तुझं जर्मनचं पातेलं अजून माझ्याकडे आहे. कडेला पोचा आलाय, बूड काळं झालंय, आणि सुकापूरच्या या नव्या इमारतीतल्या चकचकीत ओट्यावर ते अगदीच उपरं दिसतं. सून म्हणते, "आई, काढून टाका ना आता." मी म्हणते, ते काय तुझ्याकडे खायला मागतंय? पण गेल्या उन्हाळ्यापासून मी ते गॅसवर चढवलेलं नाही. का, ते तुला सांगायचंय, आणि सांगू नये असंही वाटतंय, म्हणून कधीची नुसती कागद पुढे घेऊन बसलेय.

धाकट्याचं तुला आठवतंय का, असं विचारणं म्हणजे मूर्खपणाच. मी तेव्हा नुकती शाळेत जायला लागले होते आणि माझा हा भाऊ अजून पाळण्यात होता. तू पहाटे मिठागरावर जायचीस आणि ऊन चढलं की त्याला पाजायला घरी यायचीस. पायाच्या भेगांत मीठ शिरलेलं असायचं, दारातच पाय धुवायचीस. तो सारखा रडतो म्हणून आजीनं, तुझ्या सासूनं, एक दिवस त्याला तुझ्या मांडीवरून उचलून घेतलं. "दिवसभर मिठात उभी रातेस. तुजं दूध खारं झालंय. आता नाय पाजायचं त्याला." त्या दिवसापासून त्याला गाईचं दूध, आणि त्यात आटवलेलं पाणी. ते पाणी मात्र तू दुसऱ्या कुणाला करू दिलं नाहीस. गोठ्यामागच्या विहिरीवरून घागर आणायची, हेच पातेलं चुलीवर ठेवायचं, गळ्यातला सोन्याचा मणी सोडवून त्यात टाकायचा आणि पाणी निम्मं होईपर्यंत चुलीपुढून हलायचं नाही. मी बाजूला बसून विचारते, एवढं कशाला उकळायचं? तू म्हणतेस, "अर्धं उरल्याबगर उतरवायचं नाय. आपल्या पोराला कच्चं पानी नाय द्यायचं." तो जास्त किरकिरायला लागला, तशी तू जास्त आटवायला लागलीस. मग त्याचे ओठ काळसर निळे दिसायला लागले, आणि एका सकाळी तो उठलाच नाही. आजी म्हणाली, खारं दूध आधीच पोटात गेलं होतं. तू ते खरं मानलंस.

किती खरं मानलंस, ते मला फार उशिरा कळलं. माझा मुलगा झाला तेव्हा तू हे पातेलं आणि तो मणी घेऊन पनवेलला माझ्या घरी आलीस. मी कामावर परत जायचं म्हटलं, तर तू चिडलीस. तू कधी चिडायची नाहीस, म्हणून लक्षात राहिलं. "जा कामाला, आन् नासव दूध." मग पदरानं तोंड पुसलंस आणि हळूच म्हणालीस, "माज्या दुधानं माजा पोर गेला गो." मी तुला काय सांगणार? मला तरी काय ठाऊक होतं? तेव्हा आमच्याकडे नळाचं चांगलं पाणी होतं. तू ते आटवलंस, मणी टाकलास, आणि माझा मुलगा गुटगुटीत झाला. पातेलं आणि मणी माझ्या हातात देऊन तू गावी परत गेलीस.

आता त्या गुटगुटीत मुलाला मुलगा झालाय. सून उलव्याला कामाला जाते, रजा संपली तसं डब्याचं दूध सुरू झालं. शेजारच्या बाई म्हणाल्या, इतक्या लवकर कामावर? तुझा तो चेहरा आठवला आणि मी त्यांना असं सुनावलं की त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. उन्हाळ्यात नळाला पाणी येईनासं झालं, इमारतीत बोअरचं पाणी सुरू झालं. मला त्याचा भरवसा वाटेना. आजूबाजूला एवढी बांधकामं, एवढे संडासाचे खड्डे, पलीकडे अजून गुरांचे गोठे. म्हणून निम्मं नाही, पाव उरेपर्यंत आटवलं, मणी टाकून. सून म्हणाली, "आई, बाटलीचं आणूया का विकत?" मी म्हटलं, "बाटलीत कुणी काय भरलंय कुणास ठाऊक. हे माझ्या डोळ्यांसमोर उकळलंय."

एका दुपारी त्याला न्हाऊ घालताना ओठांकडे लक्ष गेलं. तो रंग मी ओळखला. त्याला दुपट्यात गुंडाळून तशीच रिक्षात बसले. दवाखान्यात ऑक्सिजन लावला तरी रंग बदलेना. मग रक्त काढलं, तर ते लाल नव्हतंच, चॉकलेटी होतं. डॉक्टरीणबाईंनी लगेच विचारलं, दुधात पाणी कुठलं घालता? मी चांगली ऐटीत सांगितलं, "बोअरचं, पण पाव होईपर्यंत आटवलेलं." त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, शेणामुतातून, मैल्यातून, खतातून जमिनीत नायट्रेट उतरतं आणि विहिरीत येतं. पालेभाजीतही ते असतं, मोठ्या माणसाला सोसतं. तान्ह्या बाळाच्या पोटात मात्र त्याचं नायट्राइट होतं, आणि ते रक्ताला प्राणवायू पोचवू देत नाही. "उकळून जंतू मरतात, आजी. हे मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि हे सगळं खाली उरतं."

खाली उरतं. आई, आपण मिठागरातली माणसं. पाणी आटल्यावर काय उरतं हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं का? खाडीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं, उन्हानं आटू द्यायचं आणि खाली राहिलेलं मीठ ओढायचं, यात तुझा जन्म गेला. मी बांधावर बसून बघायची. आणि घरी येऊन तू तेच चुलीवर करत होतीस, त्याच हातांनी, धाकट्यासाठी. तुझ्या कधी मनात आलं नाही, माझ्याही आलं नाही.

नातू वाचला. त्याला शिरेतून कसलंसं निळं औषध दिलं आणि बघता बघता ओठ गुलाबी झाले, माझा जीव भांड्यात पडला. पुढे त्याचे लंगोट हिरवे-निळे व्हायला लागले, औषधाचा रंग तो. सून घाबरली आणि मला हसू आलं. घरी निघताना मी डॉक्टरीणबाईंना धाकट्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी नक्की कसं सांगणार? पण तेच असू शकतं." मी विचारलं, "मिठात काम करून बाईचं दूध खारं होतं का हो?" "छे, अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "उलट अंगावरचं दूध चालू राहिलं असतं तर..." आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

आता बाळाला तपासलेलं पाणी देतो. मणी मी त्याच्या करगोट्यात ओवलाय. तुझं दूध चांगलं होतं, हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं होतं, तू ते मनात घेऊनच गेलीस. पण ते सांगितलं की तू लगेच विचारशील, "मंग कशानं गेला?" आणि मला तुझ्या पातेल्याचं नाव घ्यावं लागेल. म्हणून एवढं लिहूनही बरं वाटतंय की हे तुला वाचता येणार नाही. खरं सांगते, आज तू समोर असतीस तर तुझं दूध गोड होतं एवढंच बोलले असते, आणि पुढच्या प्रश्नाला तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं असतं, "मला नाय म्हाईत, आये."