बाबांचा आवाज मी कसा दुरुस्त केला

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. पुढे कोणी विचारलं की सुरुवात कशी केलीत, तर तारखेनिशी सांगता आलं पाहिजे.
निवृत्तीनंतर माणूस गंजतो म्हणतात. मी गंजणार नाही. माळ्यावरून बाबांचा स्पूलवाला टेपरेकॉर्डर काढला. सोबत एकच स्पूल. डबीवर बाबांच्या अक्षरात ‘घरातले आवाज’.
संकल्प: मशीन घरीच दुरुस्त करणे. मग ओळखीपाळखीतली जुनी मशीनं घेणे. मग व्यवसाय, मोठी पाटी वगैरे.
काढताना मशीन पायावर पडलं. मशीनला ओरखडासुद्धा नाही. जुना माल तो जुना माल.

४ नोव्हेंबर
ताईला फोन. ती २४ला येतेय. दोन दिवस राहून परदेशात मुलाकडे, कायमची. बाबा गेले तेव्हा ती हॉस्टेलवर होती. पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. मी शाळेत होतो. फोटो आहेत रे, पण आवाज काही केल्या आठवत नाही, असं ती इतकी वर्षं म्हणत आलीय. सांगून टाकलं, ये तर खरी, बाबांचा आवाज ऐकवतो. तिने मला ते परत एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, ऐकलास असंच समज.
ही शेजारीच भाजी निवडत होती. म्हणाली, आधी मशीन तरी सुरू होऊ द्यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हिचा माझ्यावर विश्वास बसत नाही.

७ नोव्हेंबर, सकाळ
मशीन उघडलं. आतल्या रबरी पट्ट्याचं वितळून डांबर झालंय. बाकी किरकोळ.

त्याच दिवशी, दुपार
डांबर बोटांना. बोटांवरून दाराच्या मुठीला, तिथून हिच्या नव्या चादरीला. घरात बोलणं बंद. एकाग्रतेला बरं.
मशीन परत जोडून पाहिलं. चार स्क्रू उरले. पूर्वी कंपन्या फार सढळ हाताने स्क्रू घालत.

९ नोव्हेंबर
प्लग लावला. पूर्ण बिल्डिंगचे दिवे गेले. योगायोग. खालच्या मजल्यावरचे काका टॉर्च घेऊन वर आले. त्यांना योगायोग म्हणजे काय ते नीट समजावलं. त्यांना ते पटलं नाही. मशीनकडे बघत उभे राहिले.

१२ नोव्हेंबर
ही परत बोलायला लागली. पहिलंच वाक्य: चौकातल्या रेडिओवाल्याकडे द्या. बाबांचा आवाज परक्याच्या हातात द्यायचा? छे.
(त्याच्याकडे कंडेन्सर आणायला गेलो होतो, ते हिला सांगितलं नाही. कितीचा, म्हणाला. मी म्हटलं, चांगल्यातला द्या.)

१६ नोव्हेंबर
पट्ट्याच्या जागी हिच्या केसांचा रबर लावला. स्पूल फिरलं! आवाज नाही, पण फिरलं! हिला हाक मारली. हिने तोंडात बोट घालण्याऐवजी केसांचा रबर परत मागितला.
उद्या हेड साफ करणार. टेपमधला आवाज उचलतो तो भाग म्हणजे हेड. स्पिरिट संपलंय. नेलपॉलिश काढायचं हिचं औषध चालावं.

१८ नोव्हेंबर
आला. आवाज आला!
जड, संथ, खर्जातला. अंगावर काटा. शब्द तुटक, पण समजतात: सगळ्यांनी शांत बसा… मशीनला कोणी हात लावायचा नाही… मी सांगेन तसंच करायचं… काय दरारा! असा बाप होणे नाही.
आणि मग, अगदी स्पष्ट: या घरात हुशार मुलगा एकच आहे.
मी खाली बसलो. घरात मुलगा मी एकटाच. बाबा माझ्या तोंडावर कधी कौतुकाचं बोलले नाहीत. प्रगतिपुस्तकावर सही करायचे, पेनाला टोपण लावायचे, संपलं. आणि इथे चक्क मशीनजवळ बोलून ठेवलंय. रडलो. वाचणारं कोणी नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. चांगलाच रडलो.
तेवढ्यात मशीन तापून वास सुटला. बंद केलं. तसंही पुढे ऐकायचं काय उरलं होतं?
हिलाही ऐकवलं. हिने सासऱ्यांना पाहिलेलंच नाही. म्हणाली, आवाज माहीत नाही, पण स्वभाव फार ओळखीचा वाटतो. रक्ताचं नातं असतंच तसं.

२० नोव्हेंबर
ताईला कळवलं. ती एक दिवस आधीच येतेय, तिकीट बदलून. फोनवर ऐकवू का विचारलं. नको म्हणाली, समोर बसून ऐकेन.
त्या वाक्याबद्दल मुद्दाम बोललो नाही. थोरल्या बहिणीला जरा लागेलच. मोठ्या मनाने घे म्हणून सांगेन.
वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावलं. हिने काढलं. मी परत लावलं. हिने परत काढलं.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
ताई दुपारी आली. चहा नको म्हणाली. तोंड धुतलं, केस विंचरले, चांगली साडी नेसली आणि मशीनसमोर येऊन बसली. बाबा समोर बसणार असल्यासारखी. मी प्रास्ताविक केलं. हिने दोनदा घड्याळाकडे पाहिल्यावर ते आवरतं घेतलं.
लावलं. सगळ्यांनी शांत बसा. ताई पुढे झुकली. मशीनला कोणी हात लावायचा नाही. ताई मागे टेकली. म्हणाली, हे बाबा नव्हेत.
मी म्हटलं, इतक्या वर्षांनी माणूस आवाज विसरतो. ती म्हणाली, आवाज विसरलेय, बाबांना नाही. बाबांनी कोणालाच कधी गप्प बसवलं नाही.
मग वाकून तिने मशीनच्या पुढचा एक खटका सरकवला. म्हणे हा वेगाचा. टेप निम्म्या वेगाने चाललीय. मी तो खटका शोभेचा समजत होतो.
टेप मागे घेऊन पहिल्यापासून लावली आणि एक नऊ वर्षांचं चिरकं कार्टं बोंबलायला लागलं. सगळ्यांनी शांत बसा! मी सांगेन तसंच करायचं! या घरात हुशार मुलगा एकच आहे आणि तो मी आहे!
ही स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांडी पडल्यासारखं हसू ऐकू येत होतं. ताईच्या तर डोळ्यांतून पाणी. मग ते हसू ओसरलं आणि तिने हळूच विचारलं, म्हणजे बाबांचा नाहीच का रे?
बाबा माझ्याबद्दल काहीच बोलले नव्हते, हेही तेव्हाच लक्षात आलं. फार वाईट वाटलं.
मशीनला वास सुटला. मी बंद करायला उठलो. ताईने हात धरला. चालू दे, म्हणाली.
कार्ट्याने पाढे म्हटले. कविता म्हटली. चुकलेली परत म्हटली. मग खुर्ची करकरली आणि कोणीतरी लांबून, शांतपणे, थोडं हसत बोललं: पुरे रे आता. ताईलाही बोलू दे की.
आणि खट्. टेपवरचं रेकॉर्डिंग तिथेच बंद. कोणी केलं ते सांगायला नकोच.
पुढे स्पूल संपेपर्यंत नुसती सुरसुर.
ताई मशीनवर हात ठेवून बसून राहिली. हेच, म्हणाली. हेच बाबा. परत लाव.

२४ नोव्हेंबर
ताई सकाळपासून तेवढंच वाक्य ऐकतेय. मी शेजारी बसून मागे घेतो, परत लावतो. वाक्य संपून सुरसुर सुरू झाली की ती बाबांशी बोलायला लागते. हॉस्टेलमधून निघायला उशीर कसा झाला. मुलाकडे करमेल की नाही.
मला मधे त्या रबराबद्दल दोन शब्द सांगायचे होते. सांगितले नाहीत.