दुसऱ्या रिमोटवरचा भिडू

५ जानेवारी २००३
रत्नागिरीत आलो आणि चक्क नोकरी लागली. चिपळूणच्या हॉटेलात टिकलो नाही, दापोलीत केबलवाल्याकडे टिकलो नाही, पण तिथे सोल्डरिंग शिकलो ते कामी आलं. यासीनभाई कुवेतहून परतताना टीव्ही गेमचे सेट घेऊन आले, त्यांचं हे बाजारातलं दुकान. पुढे पोरं खेळणार, मागे मी दुरुस्ती करणार, रात्री माळ्यावर झोपणार. शेजारच्या खानावळीत बांगडा असा तळतात की, जाऊ दे, दुकानाचं लिहीत होतो. समोर नवीन पार्लर झालंय. एसी, कॉम्प्युटर, सीडीवरचे गेम. तरी पोरं आमच्याच जुन्या कॅसेटींवर पडलेली. का, ते यासीनभाईंनाही सांगता येत नाही. माझ्याआधीचा कारागीर, जयगडचा सखाराम, आजारी पडून घरी गेला, एवढंच बोलले.

९ जानेवारी
पोरांनाच विचारलं. म्हणे कोपऱ्यातल्या सेटवर एकटं आलं तरी भिडू मिळतो, समोर एसी आहे पण भिडू कुठाय. मी हसलो. मग बघितलं. दुसऱ्या रिमोटला कोणाचा हात नाही, आणि पडद्यावरचा दुसरा गडी उड्या मारतोय. शॉर्ट असणार. रिमोट उघडला. आतली रबरी बटणं मी परवाच नवीन टाकलेली, ती झिजून गुळगुळीत. फक्त उजव्या अंगठ्याखालची.

१४ जानेवारी
संक्रांत. यासीनभाईंच्या घरीसुद्धा शेजाऱ्यांचे तिळगूळ आलेले, माझा वाटा मला मिळाला.
दुसरा रिमोट काढून खिळ्याला टांगलाय. भिडू खेळतोच आहे. यासीनभाई म्हणाले, गिऱ्हाईक खूश आहे ना, मग तू कशाला उकरतोस. मीही खेळून बघितलं. भिडू मला मारत नाही. जवळ येतो आणि वळतो. पोरं खिदळली, दादा तुम्ही लिंबूटिंबू, तुमच्यावर राज्य नाय येत.
लहानपण आठवलं. माझ्यावर राज्य आलं की मी कंटाळायचो, टाइमप्लीज म्हणून जो पळायचो तो परत यायचोच नाही. धाकटी अपूर्वा गप पुढे व्हायची, एवढंच ना, दादाचं राज्य मी घेते. आता मंडणगडला बालवाडीत शिकवते. तिला पत्र टाकायला हवं.

१७ जानेवारी, शुक्रवार
दुपारी यासीनभाई नमाजला गेले, शटर खाली. एकटाच खेळत बसलो. तो जवळ आला, वळला. पुन्हा वळला. डोकं फिरलं माझं. पडद्याला मोठ्यांदा म्हटलं, मी काय लिंबूटिंबू नाही, धर मला, घेतो राज्य.
त्याने लगेच धरलं.

१८ जानेवारी
पोरं म्हणतात भिडू बदलला. आधीचा वाकडा उडायचा, हा तुमच्यासारखा, मध्येच विसरून उभा राहतो. गंमत वाटली.
खानावळीत जेवताना माझा उजवा अंगठा ताटावर दाबत होता. आपोआप. दाबत होता, दाबत होता. वाढणाऱ्या बाईने विचारलं, मीठ कमी आहे काय रे.

२० जानेवारी
यासीनभाई पेढे घेऊन आले. जयगडहून फोन होता. सखाराम वर्षभर वाचा जाऊन अंथरुणाला खिळलेला, नुसता अंगठा हलायचा. तो उठून बसला आणि पेज मागितली.
कधी उठला, विचारलं. म्हणाले, शुक्रवारी दुपारी.

२१ जानेवारी
एसटीत बसलो. पळणं मला जमतं. निवळीच्या पुढे पाय बधिर. कंडक्टरने परतीच्या गाडीत चढवून दिलं. बाजारात उतरलो तर पाय धडधाकट —
अंगठा थांबत नाही.

२२ जानेवारी
डाव्या हाताने लिहितोय. उजव्या अंगठ्यावर रेषा राहिल्या नाहीत. काळा, गुळगुळीत.
सेटची वायर तोडली. पडदा बंद. खेळ चालूच आहे, हाताला कळतो. टाइमप्लीज म्हणून बघितलं — नाही.
शब्द निम्मेच फुटतात. पोरांना कसंबसं सांगितलं, या सेटशी राज्याचं बोलू नका. कोणी घेतो म्हटलं तरच ते —

२३ जानेवारी
जीभ गेली. यासीनभाईंनी घरी फोन केला. अपूर्वा येणार. कागदावर लिहून दिलं, येऊ नको म्हणा. ते म्हणाले, निघाली पण ती.

२४ जानेवारी
शुक्रवार. शटर खाली. पाय उचलत नाहीत.
हे पान तिच्यासमोर धरणार. अप्पू, राज्य घेते म्हणू नको. कोणी काही सांगो. मी या वेळी पळत नाही, मी —
बाहेर तिचा आवाज. पोरं तिला सांगतायत, दादावर राज्य आलंय. हसली. आवाज बसलाय रडून, तरी हसली —
शटर उचलतेय. अजून आत नाही आली. पान दिसत नाही तिला. म्हणतेय, दादा, एवढंच ना, तुझं राज्य मी —

अंगठा थांबला.
माझा थांबला.
अप्पू तुझा हात — अप्पू टाइमप्लीज म्हण, टाइम