फरशी झाडणारा झिंगा

अंबरनाथ, मंगळवार

चि. गंधार यास अनेक आशीर्वाद (तुझ्या ताईचे, माझे सध्या संपले आहेत).

तुझी तब्येत ठणठणीत असावी, कारण भेटलास की मी ती बिघडवणार आहे. फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आमच्या माशांच्या टाकीत तू तो झिंगा सोडलास आणि "भावजी, याला काही घालावं लागत नाही, पाण्यातलंच खातो" असं ठोकून देऊन बदलापूरला पसार झालास. अरे, पण पाण्यात काही असेल तर खाईल ना! तुझी ताई स्वच्छतेच्या बाबतीत कशी आहे (बारवी धरणाचं पाणी नळाला फडकं बांधून गाळते, मग उकळते, मग पुन्हा गाळते), हे तुला जन्मापासून माहीत नाही? टाकीतलं पाणी तिने असं ठेवलं होतं की मासेसुद्धा जपून पोहायचे.

आठवडाभरात तो प्राणी हातांवरचे पिसांसारखे पंखे मिटून तळाचे खडे झाडू लागला. झालं! "या घरात वाकून झाडणारा पहिला पुरुष," असं ताईने जाहीर केलं, शेजारच्या माधवीवहिनींना बोलावून दाखवलंसुद्धा. मी पेपर उघडला की हिचं बोट टाकीकडे. चहा मागितला की बोट टाकीकडे. अख्खी शिफ्ट सांभाळलेला माणूस मी, आणि माझी बरोबरी कोळंबीशी!

पुढे तो लटपटायला लागला, तेव्हा मीच उल्हासनगरच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्यावरच भडकला, "साब, वो झाडू नहीं मार रहा, भूखा है!" तळ चाचपतो तो उपासमारीने. एरवी हा गृहस्थ पाण्याच्या धारेत एका जागी उभा राहतो, पंखे पसरतो आणि समोर येईल ते खातो. बस्स. (ऐकून माझे डोळे भरून आले.)

घरी येऊन मी खाद्याची बारीक पूड टाकीतल्या पंपाच्या धारेत सोडली. गडी सावरला. आता दिवसभर हात पसरून उभा असतो, काडीचं काम करत नाही. ताईला मी हे सगळं समजावून सांगितलं, जरा चढ्या आवाजातच सांगितलं, आणि वर "बघ, हाच पुरुषाचा खरा स्वभाव" असंही बोलून गेलो. तेवढं बोलायला नको होतं.

तुझ्यावर भयंकर चिडलेला,
श्रीपाद

ता. क. रविवारी झाकणाची बादली घेऊन ये. ताई म्हणते, आयतं खाणारा या घरात एकच राहील.

ता. क. २. कोण, ते तिने अजून सांगितलेलं नाही. तुझ्या हॉलमधल्या दिवाणावरचे कपडे तेवढे उचलून ठेव.