विहिणीच्या दारात मोडलेला खुबा

२ मार्च २०२५, नांदेड

आज वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत गेले. अठरा पावलं. परत येताना मधेच बसावं लागलं.

तीन आठवडे झाले. लेकीच्या, सुकन्याच्या, लातूरच्या नव्या घराची वास्तुशांत होती. दारातच विहीणबाईंनी, साखराबाईंनी, मला पाटावर बसवून पाय धुतले. मी नको नको म्हणत होते. हे गेल्यापासून असा मान मला कुणी दिला नव्हता. "आमच्यात तसलं काही न्हाई. विहीण ती विहीण," म्हणाल्या. माझे डोळे भरून आले. उठले, आणि ओल्या पायांनी त्या आरशासारख्या फरशीवर जेमतेम तीन पावलं टाकली. खुबा मोडला.

५ मार्च

ऑपरेशनला एक लाख सत्तर हजार. यांनी ठेवलेली ठेव मोडून भरले. तिच्याच व्याजावर माझं घर चालायचं. आता एप्रिलपासून काय?

७ मार्च

व्याह्यांना फोन केला. दोन दिवस वाक्य जुळवत होते. "धोंडप्पा, निम्मा खर्च तरी तुम्ही उचलावा." ते खाकरले. मग, "घरात इचारून सांगतो." मागून साखराबाईंचा आवाज, अगदी स्पष्ट — "मानपान पचला न्हाई त्यांना! आम्ही रोज चालतो त्या फरशीवर. आम्ही पडलो का?"

११ मार्च

काही निरोप नाही.

१५ मार्च

जावई येऊन गेले. पिशवीत नारळ, सफरचंदं आणि इरकल साडी. "आईनं दिलंय, मामी." मी खर्चाचं काढलं तर दयानंदराव पंख्याकडे बघत म्हणाले, "घराचे हप्ते चालू हायेत."

साडी चांगली आहे. त्याचाच जास्त राग येतो.

१६ मार्च

सुकन्याचा फोन. "आई, नको ना वाढवू. माझी अडचण होईल गं." कसली अडचण ते सांगेना. "सासूबाई आल्या, ठेवते."

चार वर्षं झाली लग्नाला. अजून पाहुणीसारखी राहते. तिचं तिथे आहे काय? एक कपाट. त्याचंही दार नीट लागत नाही.

१८ मार्च

आज कॉन्व्हेंट शाळेचा व्हरांडा सारखा आठवतोय. लाल कोबा. शनिवारी आम्ही मुली त्याला मेण लावून घासायचो आणि मग पायमोज्यांवर घसरत पार चॅपेलच्या दारापर्यंत जायचो. कुणी आपटली की सिस्टर बेनेडिक्टा आधी विचारायच्या, मेण कुणी लावलं? जिने लावलं तिने सॉरी म्हणायचं. पडणारीची चूक नंतर बघू.

तेवढा एक शब्द लातूरहून आला असता तर मी ठेवीचं दुःख गिळलं असतं. कदाचित.

२२ मार्च

शेजारचे हणमंतराव आले. कोर्टात शिरस्तेदार होते. "बाई, कुढून काय होतंय? नोटीस टाका. पाणी त्यांनीच सांडलं, खाली साधं पायपुसणं न्हाई. घरमालकाला लेखी उत्तर द्यावंच लागंल."

कोंडाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "पोरीला नांदायचं हाय न्हवं तिथं?"

"तू भांडी घास," हणमंतराव म्हणाले. "भांडण सासऱ्याशी हाय."

मी सही केली. सुकन्याला कळवलं नाही.

२४ मार्च

नोटीस अजून इथेच. घरमालकाचं नाव कागदोपत्री असेल तसंच पाहिजे म्हणे. हणमंतरावांनी लातूरच्या ओळखीच्या माणसाला घरपट्टीचा कागद पाठवायला सांगितलाय. एका नावासाठी अजून दोन दिवस! धोंडप्पा बिरादार लिहायला कितीसा वेळ लागतो?

२६ मार्च

कागद आला. हणमंतरावांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

मालक — सौ. सुकन्या दयानंद बिरादार. दुसरं कुणाचंच नाव नाही.

"मग बाई, पाठवायची का?"

मी म्हटलं, थांबा, मला परत एकदा वाचू द्या.